गवताळ माळावरील एका खोलीची शाळा
लॉरा इंगल्स वाइल्डर बाईंचें चरित्र

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं खेड्यांतील मिशनशाळा म्हणजे बहुधा एकच खोली असे. आठवड्याचे दिवस तींत लहानमोठीं सारीं मुलें एकाच मास्तराच्या हाताखालीं शिकत, आणि रविवारीं तीच खोली झाडूनसारवून तेथें उपासना होई. पगार थोडा, सामान अपुरें, आणि कित्येकदां मास्तराच्याच मनांत अशी शंका येई कीं, ह्या चार भिंतींत आपण जें करितों त्याचा कोणास कांहीं उपयोग आहे काय? ही शंका केवळ आपल्याकडील मास्तरांसच आली असें नाहीं. सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या ओसाड माळावर, एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीसहि ती आली होती. पुढें ती मुलगी जगप्रसिद्ध लेखिका झाली. परंतु आम्ही आज तिचें चरित्र सांगत आहों तें तिच्या कीर्तीकरितां नव्हे, तर तिच्या त्या लहानशा शाळेकरितां होय.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिसिसिपी नदीच्या दोहों अंगांस शेंकडों मैल पसरलेला जो गवताळ मुलूख आहे, त्यास प्रेअरी म्हणतात. पश्चिमेकडे जावें तसें झाड दृष्टीस पडणें कठीण होतें. खालीं गवत, वर आकाश आणि अखंड वाहणारा वारा. देशावरील उघडें माळरान ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस त्याची थोडीशी कल्पना करितां येईल. परंतु तेथील हिंवाळा आपल्या कल्पनेपलीकडचा आहे. महिनेच्या महिने बर्फ पडून राहतें, आणि वादळ सुटलें म्हणजे हातभर अंतरावरील माणूसहि दिसत नाहीं. १८६२ सालीं तेथील सरकारनें असा कायदा केला कीं, जो कोणी १६० एकर जमिनीवर घर बांधून ती पांच वर्षें कसील त्याच्या नांवावर ती करून द्यावी. त्यामुळें हजारों गरीब कुटुंबें गाडींत संसार भरून पश्चिमेकडे निघालीं. शाळेची तरतूद मात्र त्याच्याहि पूर्वींची होती. १७८५ सालच्या कायद्याप्रमाणें सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा प्रत्येक तुकड्याचे ३६ भाग पाडीत, आणि त्यांतील १६ वा भाग शाळेच्या खर्चासाठीं राखून ठेवीत. पुढें डाकोटासारख्या प्रदेशांत ३६ वा भागहि शाळेसाठीं राखला गेला. वस्ती पडण्यापूर्वींच पुढील पिढीच्या शिक्षणाचा वांटा बाजूस काढून ठेवावा, ही गोष्ट खचित घेण्यासारखी आहे.

ह्याच लोकांच्या ओघांत चार्ल्स व कॅरोलाइन इंगल्स हें जोडपें होतें. लॉरा ही त्यांची दुसरी मुलगी. तिचा जन्म विस्कॉन्सिन संस्थानांत पेपिन गांवाजवळ ७ फेब्रुवारी १८६७ रोजीं झाला. तिच्याहून दोन वर्षांनीं मोठी बहीण मेरी. पुढें कॅरी व ग्रेस ह्या दोघी बहिणी झाल्या, आणि एक भाऊ होऊन तो तान्हेपणींच वारला. आई लग्नापूर्वीं स्वतः शिक्षिका होती. बाप कष्टाळू, सारंगी वाजविण्यांत कुशल, परंतु एका जागीं स्थिर न राहणारा. १८६९ च्या सुमारास हें कुटुंब कॅन्सास संस्थानांत जाऊन राहिलें, आणि १८७१ सालीं तेथून परत फिरलें. कारण ज्या जमिनीवर त्यांनीं घर बांधिलें ती ओसेज नांवाच्या मूळ रहिवाशांची होती. ह्या गोष्टीकडे आम्ही शेवटीं पुनः वळूं.

१८७४ सालीं तें कुटुंब मिनेसोटा संस्थानांतील वॉलनट ग्रोव्ह येथें गेलें. त्याच वर्षीं तेथें एक लहानशी काँग्रिगेशनल मंडळी स्थापन झाली, व लॉराचे आईबाप तिचे आरंभीचे सभासद झाले. आमच्या वाचकांस हें वाचून संतोष वाटेल कीं, ज्या अमेरिकन मराठी मिशननें १८१३ सालीं मुंबईस व १८३१ सालीं अहमदनगरास काम आरंभिलें, तिच्या पाठीशीं मुख्यतः ह्याच काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळ्या होत्या. मंदिराच्या घंटेसाठीं वर्गणी निघाली तेव्हां चार्ल्स इंगल्स ह्यांनीं आपल्या गरिबींतून २६ डॉलरांहून अधिक दिले. तेवढ्यांतच टोळधाड आली. १८७३ पासून १८७७ पर्यंत त्या मुलखावर टोळांचे थवे उतरत राहिले. इंगल्स कुटुंबाचा उभा गहूं त्यांनीं फस्त केला, आणि बापास दूर पूर्वेकडे पायीं चालत जाऊन दुसऱ्यांच्या शेतांत कापणीची मजुरी करावी लागली. पोटासाठीं गांव सोडून मजुरीस जाणें म्हणजे काय, हें आमच्या पुष्कळ वाचकांस सांगावयास नको.

परंतु ह्याहून मोठें दुःख १८७९ सालीं आलें. मेरी चवदा वर्षांची असतां तिला कडक दुखणें आलें, आणि त्यांत तिची दृष्टि कायमची गेली. हल्लींच्या डॉक्टरांचें मत असें कीं, तें दुखणें मेंदूस व त्याच्या आवरणास सूज आणणारें असावें. मेरी हुशार व अभ्यासाची आवड असलेली होती. आपल्या आईप्रमाणें तिनें शिक्षिका व्हावें अशी घरच्यांची आशा होती. ती आशा मावळली. त्या दिवसापासून बापानें लॉरास सांगून ठेविलें कीं, तिनें आपल्या बहिणीचे डोळे व्हावें. तेव्हां लॉरा जें जें पाही तें तें शब्दांनीं मेरीस दाखवी: सूर्यास्ताचा रंग, गवतावरून धांवणारी वाऱ्याची लाट, गाडींतून दिसणारें नवें गांव. एका आंधळ्या बहिणीची सेवा करीत असतां आपण लेखणीचेंच शिक्षण घेत आहों, हें त्या वेळीं तिच्या ध्यानींमनींहि नव्हतें.

त्याच वर्षीं बापास आगगाडीच्या रस्त्याच्या कामावर नोकरी मिळाली आणि कुटुंब डाकोटा प्रदेशांत आलें. १८८० सालीं तेथें दे स्मेट नांवाचें गांव वसलें. त्या गांवांतील पहिली उपासना इंगल्स कुटुंबाच्या घरींच झाली. गांव वसतें न वसतें तोंच १८८०-८१ चा तो भयंकर हिंवाळा आला. बर्फामुळें जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत आगगाडी गांवास पोंचली नाहीं. कोळसा संपला, तेव्हां वाळलेल्या गवताच्या पेंढ्या पिळून त्यांचें जळण केलें. पीठ संपलें, तेव्हां कॉफी दळण्याच्या लहानशा यंत्रांत मूठमूठ गहूं भरडून भाकरी केली. तरी सर्व जिवंत राहिलीं.

पुढें १८८१ च्या नोव्हेंबरांत मेरीस आयोवा संस्थानांतील व्हिंटन येथील अंधशाळेंत पाठविण्यांत आलें. डाकोटांत अशी शाळा नव्हती म्हणून फी प्रदेशाच्या सरकारानें भरिली. परंतु कपडे, प्रवास व इतर खर्च आईबापांच्या अंगावर होता. हा पैसा आणावा कोठून? येथें लॉराच्या शाळेची गोष्ट सुरू होते. शिक्षकाचा दाखला मिळण्यास सोळा वर्षांचें वय लागे. लॉराच्या स्वतःच्या कथनाप्रमाणें पहिली शाळा पत्करिली तेव्हां तिला सोळावें वर्ष पुरें व्हावयास दोन महिने कमी होते. तिनें परीक्षा दिली व दाखला मिळविला. तिला हें काम आवडत नव्हतें. परक्या माणसांत जाण्याची तिला भीति वाटे, आणि शिक्षिका होण्याची हौस तर कधींच नव्हती. ती गेली ती केवळ मेरीच्या शिक्षणासाठीं.

तें शाळागृह कसें होतें तें ऐकावें. दे स्मेटपासून सुमारें बारा मैलांवर कोणा शेतकऱ्यानें सोडून दिलेली फळ्यांची एक झोंपडी होती. फळ्यांच्या फटींतून बर्फाचा भुगा आंत येई. मध्यें कोळशाची शेगडी, समोर कांहीं बांकें व एक फळा, एवढेंच सामान. विद्यार्थी पांच, आणि त्यांतील कित्येक शिक्षिकेहून अंगानें मोठे. दोन महिन्यांची मुदत व महिना वीस डॉलर पगार.

अशा शाळांचा कारभार सर्वत्र बहुधा सारखाच असे. गांवचे तिघे पंच शिक्षक नेमीत व पगार ठरवीत. बाईमाणसास पुरुषाहून कमी देत. उन्हाळ्यांत मोठीं मुलें शेतावर खपत, म्हणून तीं हिंवाळ्याच्या सत्रांतच शाळेस येत. शिक्षिकेनें सकाळीं आधीं येऊन शेगडी पेटवावी, केर काढावा व पाणी भरून ठेवावें. एकाच डोणीनें सगळ्यांनीं तें प्यावें. एकेक इयत्ता पुढें बोलावून तिचा धडा म्हणवून घ्यावा, आणि तोंवर बाकीच्यांनीं पाटीवर गणित सोडवावें. लहान मुलें मोठ्यांचे धडे ऐकूनच अर्धें शिकत. संध्याकाळीं तीच खोली कधीं शुद्धलेखनाच्या चढाओढीची, तर रविवारीं प्रार्थनेची जागा होई. आपल्या जुन्या मिशनशाळेची आठवण येथें कोणास होणार नाहीं?

लॉराची मोठी अडचण शाळेंत नव्हती, तर बिऱ्हाडीं होती. त्या काळीं शिक्षिका मुलांच्याच घरीं राहत असे. जेथें लॉरा राहिली त्या घरची बाई त्या एकाकी माळावर राहून मनानें खचलेली होती. ती कोणाशीं बोलत नसे. रात्रीं नवऱ्याशीं भांडे. आणि एका रात्रीं तर हातांत सुरी घेऊन उभी राहिलेली लॉरानें पाहिली. बारा मैलांवर घर, मध्यें बर्फ, आणि दोन महिने काढावयाचे! अशा वेळीं दर शुक्रवारीं संध्याकाळीं आल्मान्झो वाइल्डर नांवाचा एक तरुण शेतकरी आपली बर्फावरची गाडी घेऊन दाराशीं येई व तिला घरीं पोंचवी. थंडी इतकी कीं घोड्यांच्या नाकपुड्यांवर बर्फ धरे. तरी त्यानें एकहि शुक्रवार चुकविला नाहीं.

शाळेंतहि कसोटी होतीच. एक मोठा मुलगा हुशार असूनहि अभ्यास करीना व बाईंचें ऐकेना. त्यास मारावें तर तो लॉराहून थोराड. ती रविवारीं घरीं आली तेव्हां तिनें आईचा सल्ला विचारिला. आई स्वतः शिक्षिका होती. तिचें सांगणें असें कीं, ज्यास हुकूम चालत नाहीं त्याशीं हुकमानें भांडूं नये; युक्तीनें वागावें. तेव्हांपासून लॉरानें त्या मुलास धड्याची सक्ती करणें सोडून दिलें. इतर मुलें पुढें जाऊं लागलीं तसें आपण मागें पडतों हें त्याच्याच ध्यानांत आलें, आणि तो आपण होऊन अभ्यास करून सर्वांच्या बरोबरीस आला. छडीवांचून वर्ग राखण्याची ही रीत आमच्या शिक्षकबंधुभगिनींनीं मनांत ठेवण्याजोगी आहे. एके दिवशीं तपासणीसहि अचानक आले. मुलें थंडीनें शेगडीभोंवतीं गोळा झालेलीं पाहून ते रागावतील असें लॉरास वाटलें. परंतु ते रागावले तर नाहींतच, उलट पाय ऊबेंत ठेवावे असेंच मुलांस सांगून गेले.

दोन महिने संपले. हातीं चाळीस डॉलर आले, आणि ते तिनें मेरीच्या कामीं दिले. १८८३ ते १८८५ च्या दरम्यान लॉरानें एकंदर तीन शाळांत तीन सत्रें शिकविलें, शिवणकामाची मजुरी केली, आणि मधल्या काळांत स्वतःहि शाळेंत शिकली; परंतु तिचा शेवटचा अभ्यासक्रम मात्र पुरा झाला नाहीं. मेरी घरीं येईल तेव्हां तिला वाजवितां यावी म्हणून एक पायपेटी घेतली, तिलाहि ह्याच पगाराचा हातभार लागला. मेरीनें उठावाचीं अक्षरें बोटांनीं वाचण्यास, गाणें-वाजविणें व हातकाम ह्यांस प्रावीण्य मिळविलें, आणि १८८९ सालीं ती व्हिंटनची शाळा पुरी करून घरीं आली. पुढें घोड्यांवर घालण्याच्या माशांच्या जाळ्या विणून ती आपल्या हातांनीं कांहीं मिळवीत असे. ती १९२८ सालीं प्रभूकडे गेली. आंधळी म्हणून कोपऱ्यांत बसण्याऐवजीं ती शिकलेली व कामाची बाई झाली, ह्याचें श्रेय थोडेंफार त्या फटींच्या झोंपडीस आहे.

२५ ऑगस्ट १८८५ रोजीं लॉराचें लग्न त्याच आल्मान्झोशीं झालें. लग्न झालेल्या बाईस शाळेंत ठेवण्याची तेव्हां चाल नव्हती, म्हणून शिक्षिकेचें काम तेथेंच संपलें. संसार मात्र सुखाचा गेला नाहीं. पीक बुडालें, १८८८ सालीं दोघांसहि घटसर्प झाला आणि आल्मान्झो पायानें कायमचे अधू झाले, १८८९ सालीं तान्हा मुलगा गेला व घर जळालें. एक मुलगी रोझ तेवढी राहिली. त्याच मुलखांत १२ जानेवारी १८८८ रोजीं तें प्रसिद्ध वादळ झालें, ज्यास लोक शाळकरी मुलांचें वादळ म्हणतात. सकाळ उबदार होती म्हणून मुलें थोड्याच कपड्यांनिशीं शाळेस गेलीं, आणि अकस्मात् बर्फाची भिंतच चालून आली. दोनशेंहून अधिक माणसें मेलीं, त्यांत घरच्या वाटेवर गारठलेलीं मुलें पुष्कळ होतीं. कित्येक तरुण शिक्षिकांनीं मुलांस खोलींतच धरून ठेवून रात्र काढली व त्यांचे प्राण वांचविले. एका खोलीच्या शाळेंत शिक्षकावर केवळ अक्षरांचाच नव्हे, तर जिवांचाहि भार असे.

१८९४ सालीं हें कुटुंब गाडी जोडून सुमारें साडेसहाशें मैलांचा प्रवास करून मिसूरी संस्थानांतील मॅन्सफील्ड येथें गेलें, आणि तेथें खडकाळ जमिनीवर त्यांनीं हळूहळू मळा उभारला. लॉराबाई कोंबड्या पाळण्यांत प्रवीण झाल्या. १९११ पासून त्या शेतकऱ्यांच्या एका पत्रांत लेख लिहूं लागल्या, आणि शेतकऱ्यांस कर्ज देणाऱ्या एका स्थानिक संस्थेचें चिटणीसपण व खजिनदारी त्यांनीं कित्येक वर्षें संभाळिली. त्यांचें पहिलें पुस्तक १९३२ सालीं निघालें तेव्हां त्यांचें वय ६५ वर्षांचें होतें. १९४३ पर्यंत आठ पुस्तकें झालीं. त्यांच्या संपादनांत त्यांची मुलगी रोझ हिचा मोठा हात होता. आम्ही वर सांगितलेली पहिल्या शाळेची गोष्ट आठव्या पुस्तकांत आहे. मात्र कथेच्या सोयीसाठीं त्यांत कांहीं नांवें व प्रसंग बदललेले आहेत. १० फेब्रुवारी १९५७ रोजीं, नव्वद वर्षें पुरीं होऊन तीन दिवस झाल्यावर, लॉराबाईंचा अंत झाला.

आतां त्या गोष्टीकडे वळूं, जी सांगितल्यावांचून हें चरित्र खरें होणार नाहीं. तो माळ ओसाड होता असें आम्ही आरंभीं म्हटलें. परंतु तो ओसाड नव्हता. तेथें ओसेज, डाकोटा व इतर लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. शाळेसाठीं जो १६ वा भाग राखला तोहि त्यांच्याच भूमीतून. शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं घराजवळ शाळा निघत असतां, १८७९ सालीं पेनसिल्व्हेनियांतील कार्लाइल येथें मूळ रहिवाशांच्या मुलांकरितां दुसऱ्याच प्रकारची शाळा निघाली. तेथें मुलांस आईबापांपासून शेंकडों मैल दूर नेऊन त्यांचे केस कापीत व त्यांची भाषा बंद करीत. अशा शाळा पुढें पुष्कळ झाल्या, आणि त्यांपैकीं कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांनींहि चालविल्या, हें आम्हांस दुःखानें सांगावें लागतें.

लॉराबाईंच्या १९३५ च्या पुस्तकांत एक वाक्य असें होतें कीं, त्यावरून ते मूळ रहिवासी जणूं माणसांत मोडतच नाहींत असा अर्थ निघे. कित्येक वर्षांनीं एका वाचकानें ही गोष्ट प्रकाशकांच्या नजरेस आणून दिली. तेव्हां वृद्ध लॉराबाईंनीं आपली चूक कबूल केली, आणि १९५३ च्या आवृत्तींत तें वाक्य बदललें. तरीहि त्या पुस्तकांत मूळ रहिवाशांस व काळ्या लोकांस दुखविणारा मजकूर राहिलाच. म्हणून त्यांच्या नांवानें दिलें जाणारें एक पारितोषिक २०१८ सालीं निराळ्या नांवानें देण्यांत येऊं लागलें. आपल्यापैकीं ज्यांच्या वाडवडिलांस गांवानें माणसांत गणिलें नाहीं, ज्यांस शाळेच्या ओसरीबाहेर बसावें लागलें, त्यांस त्या एका वाक्याचें वजन कळेल. आणि ऐंशीं वर्षें उलटल्यावर आपलें लिहिलेलें चुकलें असें मान्य करणें सोपें नाहीं, हेंहि कळेल.

एका खोलीच्या शाळा आतां त्या देशांतूनहि जवळजवळ गेल्या आहेत. १९१९ च्या सुमारास तेथें त्या सुमारें १,९०,००० होत्या. मोटारी व चांगले रस्ते झाल्यावर पुष्कळ लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याची रीत पडली, आणि शंभर वर्षांच्या आंत त्या कांहीं शेंकड्यांवर आल्या. दे स्मेट येथील पहिली शाळा लोकांनीं आठवण म्हणून जपून ठेविली आहे.

प्रिय शिक्षक व उपदेशक बंधुभगिनींनो, ह्या चरित्रापासून आम्ही दोन गोष्टी घेतों. पहिली ही कीं, काम आवडीचें नसलें, जागा गळकी असली व विद्यार्थी पांचच असले, तरी तें काम लहान ठरत नाहीं. लॉरानें दोन महिने भीतभीतच काढिले. परंतु सोमवारीं ती शाळेंत हजर असे, आणि तिकडे व्हिंटनास एका आंधळ्या मुलीचीं बोटें अक्षरें शिकत होतीं. आपल्या श्रमाचें फळ कोणाच्या हातीं पडेल हें आपणांस दिसत नाहीं, देवास दिसतें. दुसरी ही कीं, शाळेचें दार कोणासाठीं उघडें आहे आणि कोण बाहेर उभें आहे, हें आंत शिकविणाऱ्यानें नेहमीं मान वळवून पाहावें. विधवेच्या दोन टोल्यांची किंमत ज्या प्रभूनें ओळखिली, त्यानेंच लहान मुलांस आपल्याकडे येऊं देण्याची आज्ञा केली, आणि त्या आज्ञेंत कोणत्याहि मुलास वगळिलें नाहीं. आपल्या गांवची शाळा एका खोलीची असो वा दहा खोल्यांची, ती आज्ञा तिच्या दारावर लिहिलेली आहे असें समजून आपण आंत पाऊल ठेवावें, हीच आमची प्रार्थना आहे.